तेलवाल्यांचं ऊन

४ एप्रिल
शाइस्ता टेलर आज सगळ्यांदेखत म्हणाली, बैठकीत बोललेलं मॅडम, म्हणजे मी, नंतर बदलतात. म्हणून ही वही. आता पुरावा राहील.
प्रकरण असं. एक पेट्रोकेमिकल कंपनी आमच्या डोणगावच्या महिला गटाला कुरडया वाळवायला सोलर ड्रायर देते आहे. फुकट. जन्मभर तेल विकलं, आता ऊन वाटायला निघाले. मी १९८१ची बी.एस्सी., केमिस्ट्री. नऊ वर्षं अध्यक्ष. मला कोण फसवणार?

६ एप्रिल
विरोधाचं निवेदन घेऊन मेहकरला कंपनीच्या ऑफिसात गेले. स्कूटीने. पायी गेले असते तर ऑफिस बंद झालं असतं.
कंपनीचा माणूस म्हणाला, ऊर्जाबदलात आमचाही वाटा आहे, सोलर पॅनेलमधली शीट आमच्याच मालाची. म्हणजे गुन्हा कबूल.

९ एप्रिल
बैठक. रुखमाबाई म्हणाल्या, "बाई, गच्चीवर धूळ बसते. मागच्या साली गिऱ्हाइकानं अर्धा माल वापस केला. येऊ द्या ना ड्रायर."
मी ठणकावलं, पेट्रोलियमचा कणही नको. गच्चीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा बंद. कुरडया सुती साड्यांवर.
ठराव: पेट्रोलियमशिवाय वाळवून दाखवायच्या. नाही जमलं तर ड्रायर घ्यायचा आणि माझ्या जागी अध्यक्ष ड्रायरच्या बाजूची महेजबीन. मी लगेच सही केली. महेजबीनची दया आली.

१५ एप्रिल, सकाळी ६
माझ्या शाळेतल्या नोकरीच्या काळातल्या आठ साड्या अंथरल्या. अस्सल कॉटन. तीस वर्षांत रंग गेला नाही, इस्त्री लागली नाही. असं सूत आता मिळत नाही.

१७ एप्रिल
कुरडया अलगद सुटल्या. एकही चिकटली नाही. रुखमाबाईंना नवल वाटलं. म्हणाल्या, सुती लुगड्याले तर चिकटते, मागून पाणी मारा लागते. मी म्हटलं, निष्ठा लागते.

१८ एप्रिल
शाइस्ताने काठाचा धागा ओढून त्याला काडी लावली. कापड ओळखायची टेलर लोकांची रीत म्हणे. धागा वितळला, काळी गोळी झाली.
"मॅडम, सूत जळलं की राख होते. हे पॉलिस्टर हाय. तेलातलंच."
काडी ओली असेल. दुसरी साडी बघायला सांगितलं. मग तिसरी. आठही.
कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

२१ एप्रिल
तत्त्वासाठी पद सोडलं. महेजबीनला सुपूर्द: खोलीची किल्ली एक, ठराववही एक, शिक्का एक, ड्रायरचा अर्ज, माझ्या सहीसह. साड्या आठ. ड्रायरच्या जाळ्यांवर अंथरायला गटाने मागून घेतल्या. कुरडया चिकटत नाहीत म्हणून.