अफूचं बोट

उमापूर, फसली सन १३२८

जाऊबाई,

तुम्ही साथीत गेलात, तेव्हापासून कापूस वेचणाऱ्या बायकांची सहा लेकरं मी एकटीच सांभाळते. आज इतकी दमले होते, की भामाबाईच्या तान्हीला झोपेसाठी अफूचं बोट विसरून दोनदा चाटवलं. तुम्ही असता तर आधी मला विचारलं असतंत, "चाटवलंस का गं?" पोरगी दिवसभर डोळे उघडेना. मी तिच्या नाकाशी हात धरून बसले. दिवेलागणीला ती रडली.

भामाबाई आली, म्हणाली, "काकू, तुमच्यापाशी लई शांत ऱ्हाती बघा." मला खरं सांगवलं नाही.

उद्या तिला सगळं सांगीन आणि सगळ्यांचीच लेकरं सांभाळणं सोडीन. पुढं लोकांची दळणं दळीन. जात्यावर चुकलं, तर पीठच जाडं येतं.

तुमची
बायना