सातशे वीसपैकी चार

लातूर, ७ जुलै २०२५

ती. अक्कास,
मल्लिनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की गल्ली गोळा होते, म्हणून हे पत्र.

मी गिटार शिकायला घेतली आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच. उज्वलाच्या सोळाव्या वाढदिवसाला तू तिला दिलेली ती गिटार नऊ वर्षं कपाटावर पडून होती. अकरावीत मीच ती खताच्या पोत्यात बांधून वर ठेवली होती. म्हटलं, नीटची परीक्षा झाली की काढू. परीक्षा झाली, पोरगी डॉक्टर झाली, पोतं तिथंच राहिलं. आता ती भोकरला नोकरी करते, दर रविवारी तुझ्याकडे नांदेडला येते आणि लातूरला यायला मात्र तिला सुट्टी मिळत नाही. फोनवर जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारते. मला त्याचा त्रास होतो, अक्का. दिवाळीला येते म्हणाली आहे. तोवर एक गाणं बसवून तिच्यापुढे वाजवायचं ठरवलं आहे.

गुरू करणार नाही. तीस वर्षं क्लासमध्ये फिजिक्स शिकवलेल्या माणसानं आता कुणासमोर बसायचं? मोबाईलवर सगळं आहे. पहाटे पाच ते सात थिअरी, दुपारी उजळणी, रविवारी चाचणी, असं वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, गाणं ऐकल्यावरही तो टिकावा.

तुझा
मल्लिनाथ


नांदेड, १६ जुलै २०२५

चि. मल्लिनाथ यास,
महादेवीचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दाजी दोनदा हसले. मला आपली विहीर आठवली. पोहायला शिकायचं म्हणून आठ दिवस बाजेवर पालथा पडून तू हातपाय मारले होतेस. नवव्या दिवशी पाण्यात उतरलास आणि अण्णांनी दोर टाकून तुला वर काढलं. गिटारीत कुणी बुडत नाही, एवढाच काय तो धीर.

सबंध पत्रात वेळापत्रक आहे, पण ती वाजली कशी, याची एक ओळ नाही. पोत्यातून काढलीस ना?

उज्वला इथं येते, जेवते, माझ्या कानाशी जोरात गप्पा मारते. लातूरचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागते. माझ्याकडे भांड्याला बाई आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

माझ्या भावजयीला, सिंधुला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहे, ती वेळापत्रकात मावायची नाही.

अक्का


लातूर, २४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पहिली मोठी चाचणी पार पडली. नीटसारखीच: एकशे ऐंशी प्रश्न, प्रत्येकी चार गुण, एकूण सातशे वीस, चुकीला उणे एक. पेपर मीच काढला, मीच सोडवला, मीच तपासला. सात प्रश्न चुकले. सहाशे पंच्याऐंशी.

प्रात्यक्षिकात थोडी अडचण आहे. जुन्या तारा गंजल्या होत्या. त्या काढताना लक्षात आलं की दुकानदारानं त्या उलट्या लावल्या होत्या, बारीक तार वर आणि जाड खाली. नऊ वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी गंजगोलाईच्या बाजारातून नव्या तारा आणून सरळ लावल्या. पण त्या माणसानं वरच्या पट्टीच्या खाचासुद्धा उलट्याच कोरल्या आहेत. जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि नुसती खणखणते. सिंधु विचारते, वाजवून राहिलात का पत्रा कापून राहिलात.

काल समोरच्या वसतिगृहातली पोरं नम्रपणे एक जुनी पाटी घेऊन आली. 'अभ्यासाची वेळ. आवाज करू नये.' अक्षर ओळखीचं वाटलं. खाली सही माझीच होती. मी खिडकी लावून घेतली.

तुमच्या नांदेडच्या त्या दुकानदाराचं नाव-पत्ता कळव. त्याला चार शब्द लिहायचे आहेत. तुझा लोभ मात्र सरळ बाजूनंच असू दे.

मल्लिनाथ


नांदेड, १ सप्टेंबर २०२५

चि. मल्लिनाथ,
आशीर्वाद.

दुकानदाराच्या वाटेला जाऊ नकोस. तारा उलट्या नव्हत्या. तुझी पोरगी डावखुरी आहे.

मी आणि ती मिळून दुकानात गेलो होतो. तिनं आपला डावा हात पुढे केला आणि ह्या हातानं वाजवायचं आहे, असं सांगितलं. त्यानं अर्धा दिवस बसून खाचा कोरल्या. तुला तिच्या बारा चाचण्यांचे गुण तोंडपाठ आहेत आणि हात कोणता ते ठाऊक नाही. चार वर्षांची होती तेव्हा डावा हात मांडीखाली दाबून बसवून तू तिच्याकडून पाटी गिरवून घेतलीस. डाव्या हातानं श्रीगणेशा करत नसतात, म्हणालास. मी तिथंच होते आणि गप्प बसले, ते माझ्याही मनाला लागून आहे. तुझ्यासमोर ती सगळं उजव्यानं करते. माझ्या घरी कांदा डाव्यानं चिरते.

तुझ्या घरात ती एकच वस्तू तिनं आपल्या हाताजोगी करून घेतली होती. तू आधी ती पोत्यात घातलीस आणि आता दुरुस्त केलीस.

चुकलो म्हणायला तोंड लागतं. तुझं तीस वर्षं चाललं. एक शब्द बोलायला नको म्हणून माणूस सहा तारा शिकायला बसतो, हे मी पहिल्यांदाच बघून राहिले.

राग मानलास तरी चालेल. माया कमी करणार नाही.

अक्का


लातूर, ६ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न.

पत्र पोचलं. तारा काढून होत्या तशा लावल्या. आता खणखणत नाहीत. आज जास्त लिहवत नाही.

मल्लिनाथ


लातूर, २५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
उज्वलाचा सा. न. वि. वि.

सोमवारी निघणार होते, रजा वाढवली आहे. का ते सांगते.

लक्ष्मीपूजन झाल्यावर बाबांनी गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली. तारा नव्या, पण माझ्या बाजूनं लावलेल्या. मग फळ्यापुढे राहतात तसे उभे राहिले आणि खिशातून कागद काढला. मला वाटलं, आता भाषण. कागदावर दोनच ओळी होत्या. पाटी, चूक. पोतं, चूक. पहिलीच ओळ त्यांनी वाचली. कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, तपास.

माझा राग सगळा गेला असं लिहिलं तर खोटं होईल. मी गिटार त्यांच्याकडे दिली आणि वाजवा म्हणाले. तर त्यांनी ती डावखुऱ्यासारखी धरली. घरात एकच गिटार, ती माझ्या बाजूची, म्हणून सात आठवडे उजवं सोडून ते डाव्यानं शिकत होते. आई सांगते, हात ऐकत नाही म्हणून एक दिवस लहान पोरासारखे रडले, आणि मग बराच वेळ माझ्या जुन्या पाटीकडे बघत बसले.

दीड ओळ वाजवली. तीही चुकली. बाबा पेन पुढे करून गुणांची वाट बघत उभे राहिले. मी त्याच कागदावर, त्यांच्यासमोर, डाव्या हातानं लिहिलं: सातशे वीसपैकी चार.

त्यांनी अक्षर निरखून पाहिलं. मग उणे गुण धरलेस का, असं विचारलं. मी सांगितलं, नाही धरले.

उद्या सकाळी सहाला मी त्यांना शिकवणार आहे. तुमची माया अशीच कानाशी राहो.

तुमची
उज्वला