बायोडाट्यावर आलेले पाहुणे

प्रिय धाकलूभाऊ यांस,

'प्रिय' लिहिताना जरा अडखळलोच. तीर्थस्वरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, आणि नुसतं धाकलू म्हणावं तर रसायनीच्या कंपनीत एका शिफ्टमध्ये डबा खाल्ला त्याला बारा वर्षं होऊन गेली, तेवढा हक्क आता उरलाय की नाही कोण जाणे. तेव्हा आधी या गजाचा नमस्कार घ्या. वहिनींचा गुडघा कसा आहे? (मागच्या वर्षी आमच्या मेव्हण्याच्या, हिरामणच्या पोरीच्या हळदीत लंगडत होत्या, पण नाचायच्या काही थांबल्या नव्हत्या.) तुमचं भात यंदा बरं असेल. आमचं ठीक आहे, खेकड्यांनी बांध फोडला तेवढा सोडून. परवापासून तुम्हाला चार वेळा फोन केला आणि तुम्ही चारही वेळा कापलात, म्हणून हे पत्र आमच्या गावच्या जैतूच्या टेंपोतून पाठवतोय. तो चौकात तुमच्या हातातच देईल. वाचून होईपर्यंत त्याला चहा पाजा, नाहीतर तो हायवेला उभं राहून स्वतःच वाचेल.

कारण असं की, तुम्ही तुमच्या लेकीचा, नम्रताचा बायोडाटा फोटो, पत्ता आणि मोबाईल नंबरासकट फेसबुकवर आणि सगळ्या ग्रुपवर टाकणार असं कानावर आलं. भाऊ, तेवढं करू नका. मी आमच्या हर्षदचा टाकला, आणि त्याचं काय झालं ते सविस्तर लिहितो. हसू आलं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

पोरगा एकतिसाचा झाला. त्याच्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली. म्हणून उन्हाळ्यात मीच बसून बायोडाटा लिहिला. वर श्रीगणेश प्रसन्न, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, मामाचं नाव, गाव. उंची पाच फूट आठ (बुटासकट, आणि बूटही कंपनीतले सेफ्टीचे). शेती पाच एकर (त्यातली बरीचशी चुलतभावाची, पण आमच्या ओट्यावरून बघितलं तर सगळी एकच दिसते). एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अर्धं पान रिकामं राहिलं, आणि रिकामं पान मला बघवत नाही. म्हणून पुढे लिहिलं: स्वतःचं घर, स्वतःची विहीर, मागे नदी, समोर डोंगर, धबधबा चालत वीस मिनिटांवर, घरचा तांदूळ, गावठी कोंबड्या, माणसं हौशी. खाली माझा नंबर आणि स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता, अगदी वडाच्या झाडापासून कुठे वळायचं त्यासकट. टाकलं सगळीकडे. गळ टाकून मासे धरणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यातही टाकलं. म्हटलं त्यांनाही पोरी असतीलच.

आषाढात फोन आला. मुलीचा काका बोलतोय म्हणे, पनवेलच्या बाजूचे आम्ही. बोलणं इतकं गोड, की मी ओट्यावरून उठून उभाच राहिलो. हिरामणमामांचं नाव घेतलं, हर्षदची रास सांगितली, नाडी जुळते म्हणाला. (माझ्याच बायोडाट्यातलं मलाच वाचून दाखवत होता, ते मेलं माझ्या डोक्यात आलं नाही.) रविवारी घर बघायला येतो म्हणाला. हर्षदची आई तेव्हाच बोलली, "अवो, आखाडात कोन येतं सोयरीक करायला?" मी तिला गप्प केलं. म्हटलं, आता शिकलेली माणसं आखाड-बिखाड पाळत नाहीत.

रविवारी दोन गाड्या भरून अकरा जण आले. मुलगी नव्हती. तिची परीक्षा आहे म्हणे. आम्ही लावणी अर्धी टाकून घरी, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. दोन कोंबडे कापले, तांदळाच्या भाकरी थापता थापता हर्षदच्या आईचे हात भाजले. पाहुण्यांनी आधी विहीर बघितली. मग त्यातले चौघे विहिरीत उतरले. मला वाटलं, पाणी बारमाही आहे का ते तपासतायत, मुलीची काळजी असते माणसाला. मग धबधब्याकडे गेले, भिजून आले, आमच्या पडवीत कपडे बदलले, पोटभर जेवले, आणि दोघींनी आमच्या खाचरात उतरून भाताच्या आवणाची एक मूठ लावताना फोटो काढले. ती ओळ अजून वाकडी उभी आहे, येणारा-जाणारा विचारतो. हर्षदकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर पाणी वाढत होता. निघताना काका म्हणाला, कळवतो. मी वर तांदळाची पिशवी दिली.

कळवलं त्यांनी, पण मला नाही. आठवड्याने हर्षदने मोबाईलवर दाखवलं: आमच्या घराचा फोटो, माझा नंबर, आणि खाली लिहिलेलं की कर्जतजवळ घरगुती जेवणाचं झकास ठिकाण, विहिरीत पोहण्याची सोय, आधी फोन करून मुलगी बघायला येतो असं सांगावं, पैसे घेत नाहीत. पाचापैकी चार तारे. एक का कापला? मालक मुलाच्या लग्नाबद्दल जरा जास्त बोलतात.

तेव्हापासून दर आठवड्याला फोन. एकाने गाडी लावायला जागा आहे का विचारलं. एकीने विचारलं, श्रावणात शाकाहारी मिळेल का. एकजण तर मुलीचं नाव काय सांगायचं तेही मलाच विचारत होता. भाऊ, पहिले दोन आठवडे मीही हसलो. पण आता खरा कोण आणि खोटा कोण ते कळेनासं झालंय. रविवारी येऊ का, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं, पुढचं मी ऐकतच नाही. यात पोराचं लग्न राहिलं बाजूला. रात्रंदिवस तोच घोर लागलाय. मी पोरासाठी चार ओळी वाढवून लिहिल्या आणि त्याच्याच वाटेत दगड टाकून बसलो.

म्हणून सांगतो, माझा तर पोरगा होता. नम्रता मुलगी. तिचा फोटो, नंबर, ती कधी जन्मली, कुठे राहते, कोणत्या वेळी घरी असते, हे वाचून तुमच्या दारात कोण येऊन उभं राहील याचा नेम नाही. जेवून गेले तर नशीब समजा. बायोडाटा कागदावर लिहा, ओळखीच्या माणसाच्या हातात द्या. पूर्वी असंच चालायचं आणि लग्नं होत होती.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
गजा

ता. क. ओळखीचा माणूस म्हणून मी आहेच. कागद जैतूकडे दिलात तरी चालेल.

ता. क. हर्षदचंही खरं काय ते आत्ताच सांगून टाकतो. उंची पाच फूट पाच. शेती दोन एकर दहा गुंठे. कंपनीत अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे. पोरगा मात्र लिहिला त्याहून चांगला आहे, ते कोणत्या रकान्यात लिहायचं मला कळलं नव्हतं.

ता. क. आता ज्याच्यासाठी चार पानं घालवली ते. मंगळवारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. रविवारी पाच जण यायचं म्हणतोय, जमेल का, एवढंच तो माणूस बोलला. त्याला नाव सांगू न देता मी म्हणालो की ही काय फुकटची खानावळ हाय, हायवेला ढाबे कमी पडले काय, आणि तुझ्या त्या पोरीची परीक्षा संपली असंल तर तिला पाठव भांडी घासायला. भाऊ, तो फोन तुमचा होता, तुमच्या पोराच्या, साईराजच्या मोबाईलवरून. तुम्ही रागारागाने नम्रताचा बायोडाटा गावभर टाकायला निघालात, तेही त्याच दिवसापासून. पाया पडतो, माफ करा, आणि या रविवारी या. पाच काय, सगळी आळी घेऊन या.

ता. क. तो फोन तुमचा होता हे मला हर्षदने सांगितलं. मंगळवारपासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याला त्याच संध्याकाळी ते कसं कळलं, हे मी त्याला विचारलेलं नाही. तुम्हीही नम्रताला विचारू नका.