मामांचे ना-हरकत प्रमाणपत्र

गोंदिया,
शुक्रवार, दुपार (आज माझा तास नाही, म्हणजे आज मी कोणीच नाही)

तीर्थस्वरूप दुधराममामांना भाचा गजेंद्र याचा लोटांगण घालून नमस्कार.

(आपल्याकडे मामानेच भाच्याच्या पाया पडायचं असतं, हे मी विसरलेलो नाही. एवढे मिशावाले तुम्ही माझ्यासारख्या शेंबड्या पोराच्या पायांना हात लावायचात तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर तसं कधी वाटलंच नाही. पण आज काम माझं आहे, म्हणून रीत तेवढी उलटी केली. मामींना सांगू नका, त्या रागावतील.)

तुमचा गुडघा कसा आहे? गीतामामींची शुगर? धानाची रोवणी उरकली असेल असं धरून चालतो, कारण उरकली नसेल तर हे पत्र तुम्ही चिखलाच्या हाताने घ्याल आणि शेवटच्या पानापर्यंत पोचणार नाही, आणि माझं काम शेवटच्या पानावर आहे. फोन काऊन नाही केला, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही नुसतं 'हव, हव' म्हणता आणि ऐकलेलं काही नसतं. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर आपला हिमांशू (मुलगा तुमचा असला तरी वागणं सगळ्या गावाचं) ते परिवाराच्या ग्रुपवर टाकतो, आणि मग रायपूरपासून नागपूरपर्यंतचे नातेवाईक माझ्या दुःखाला अंगठे दाखवतात. म्हणून पोस्टाने. चष्मा लावून स्वतः वाचा. नातीकडून, म्हणजे खुशीकडून, वाचून घेऊ नका. ती कॉलेजात माझ्याच वर्गात बसते, आणि या पत्रातलं काही तिला कळलं तर तुम्हालाही तोंड लपवावं लागेल आणि मलाही.

तर गोष्ट अशी की गेली चौदा वर्षं मी इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. या तत्त्वाचा अर्थ असा की तास सुरू असेपर्यंत मी प्राध्यापक, आणि घंटा वाजली की रस्त्यावरचा माणूस. पीएचडी केली ती मामा तलावांवर. तुम्ही जन्मभर त्या तलावाच्या पाळीवर बसलात, तुम्हाला मी हे समजावणं म्हणजे हद्द आहे, पण क्रमाने लिहितो, कारण याच शब्दाने माझा घात केला. मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले तलाव. मालगुजारी गेली, सरकारने कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' असं लिहिलं, आणि एवढं लांब कोण म्हणणार म्हणून दोन्ही शब्दांचा पहिला 'मा' उचलून अख्ख्या जिल्ह्याने त्यांना मामा करून टाकलं. इंजिनियरसुद्धा मीटिंगमध्ये विचारतात, यंदा किती मामा दुरुस्तीला घेतले. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याला कशातच वाटत नाही.

कोणत्या तलावाचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीला, पाळ फुटली तर कोणाच्या घरचा माणूस यायचा, तलावाच्या पोटात नांगर घालायला कोणाला मनाई, हे सगळं इंग्रजांनी गावोगाव विचारून लिहून ठेवलं होतं. आपल्याकडची प्रत, जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयाकडे निघाली आणि अजून वाटेतच आहे. (पहिल्या कार्यालयात 'पाठवली' असा शेरा आहे, दुसऱ्यात 'आली नाही' असा. दोन्ही शेरे खरे असावेत.) दुसरी प्रत लंडनच्या एका ग्रंथालयात आहे. म्हणजे तुमच्या चिचटोल्याच्या तलावाचं पाणी कोणाचं, हे विचारायला मला विमानाने जायचं आहे.

त्यासाठी दिल्लीचा एक न्यास आहे, विश्वसंचार अभ्यास न्यास. परदेशात राहून स्वतंत्रपणे संशोधन करायला सहा महिन्यांचा खर्च देतो. अट एवढीच की उमेदवार कोणत्याही संस्थेत नोकरीला नसावा आणि वय पंचेचाळिसाच्या आत असावं. पहिली अट वाचून माझे डोळे भरून आले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझी पात्रता ओळखली होती. दुसरीबद्दल सांगायचं तर पोळा झाला की आठव्या दिवशी मला पंचेचाळीस पूर्ण होतात. तेव्हा हाच पहिला अर्ज आणि हाच शेवटचा.

अर्जासोबत एक प्रमाणपत्र हवं होतं: उमेदवार कोणत्याही संस्थेत नोकरीला नाही, असं त्याच्या संस्थाप्रमुखाने लिहून द्यावं. मी हे वाक्य चार वेळा वाचलं आणि प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य म्हणाले, तुम्ही आमचे नाही असं मी लिहिलं तर उद्यापासून तुम्हाला वर्गात कसं सोडू, आणि आमचे आहात असं लिहिलं तर तुम्ही उद्या पगारवाढ मागाल. माणूस वाईट नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि लिहून दिलं की सदर गृहस्थ या महाविद्यालयाच्या आवारात नियमित दिसतात. न्यासाने ते चालवून घेतलं. (आपल्या देशात शिक्का गोल असला की मजकूर कोणी बघत नाही.)

न्यासाची आणखी एक उदारता अशी की अर्ज कोणत्याही भारतीय भाषेत करा, भाषांतर आम्ही करून घेऊ. मी भारावून गेलो आणि अस्सल मराठीत वीस पानं लिहिली. तिथेच चुकलो. शीर्षक दिलं: 'मामा तलावांच्या पोटातील वाढते अतिक्रमण : एक ऐतिहासिक शोध'. दिल्लीत हे ज्याच्या हातात पडलं (माणूस होता की मशीन, देवाला ठाऊक) त्याने प्रामाणिकपणे प्रत्येक शब्दाचा अर्थ लावला. ते मला फार उशिरा कळलं.

मुलाखत व्हिडिओवर होती. माझ्या खोलीत नेटवर्क खिडकीबाहेर हात काढल्यावर येतं, म्हणून मुन्नालालच्या ऑनलाइन सेंटरमध्ये बसलो. मागे त्याचा पीक विमा आणि आधार दुरुस्तीचा बोर्ड होता, तो त्याने माझ्या मानासाठी चादरीने झाकला. समोर तिघं जण, एक बाई आणि दोन वयस्कर गृहस्थ. बाईंनी हिंदीत पहिला प्रश्न विचारला, "मामाजी की हालत अब कैसी है?" मामा, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटलं, दिल्लीची माणसं असूनही किती आपलेपणाने वाचलंय, आपल्यासारखं नुसतं 'मामा' म्हणतात! मी म्हणालो, फार खराब, पेट में पूरी गाद भर गई है. (गाद म्हणजे आपला गाळ.) बाई हळहळल्या. इलाज झाला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सरकारने दोनदा मंजुरी दिली, पण काम वरवरचं झालं, आता अंगभर बेशरम माजली आहे. (ती झुडपं हो, पाळीवरची.) एका गृहस्थांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. दुसऱ्यांनी हळूच विचारलं, घर में और कोई मामाजी हैं? मी छाती पुढे काढून सांगितलं, अकेले हमारे ज़िले में हज़ार से ऊपर हैं.

एवढं बोललो आणि नेटवर्क गेलं. स्क्रीनवर तिघांचेही चेहरे तसेच थिजून राहिले, आणि मला वाटलं माझ्या विद्वत्तेने थिजले. मुन्नालाल म्हणाला, "सर, आप का तो हो गया समझो." तो खरं बोलला, पण त्याला म्हणायचं होतं ते वेगळं.

पंधरा दिवसांनी नकार आला. कारण दिलं होतं की उमेदवाराने आपल्या आजारी मामांच्या खासगी तलावासाठी निधी मागितला असून नातेवाइकाच्या मालमत्तेवर न्यास खर्च करू शकत नाही. सोबत भाषांतर जोडलं होतं. वीस पानं भरून मॅटर्नल अंकल! अंकलचा तलाव, अंकलची दुरुस्ती, आणि शीर्षकात अंकलच्या पोटातलं वाढतं अतिक्रमण. मी आधी खूप हसलो. मग खोलीचं दार लावून रडलो, हेही लिहून ठेवतो, कारण तुमच्यापुढे कशाला लाजायचं. वीस वर्षं मी ज्या शब्दाच्या मागे फिरलो, त्याचा दिल्लीत दुखणाईत म्हातारा झाला होता.

दिल्लीला फोन केला. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, अपील करता येईल, मुदत पोळ्यापर्यंत. मात्र तलावाची मालकी मामांची नाही असं खुद्द मामांचं प्रतिज्ञापत्र लागेल, एक प्रकारचं ना-हरकत प्रमाणपत्र. मी म्हणालो, ताई, हा मामा तो मामा नाही. ती म्हणाली, सर, फाइलमध्ये मामा आहेत, आता मामांशिवाय फाइल पुढे जाणार नाही. मला हायसंच वाटलं. दुधराममामांचा तलावाशी काय संबंध, मी म्हणालो, एक सही तर हवी आहे.

तरी अपिलाला बळकटी यावी म्हणून तिरोड्याच्या तहसील कार्यालयात तलावाचा उतारा काढायला गेलो. तिथे ओमेश भेटला, माझा जुना विद्यार्थी, आता त्याच कार्यालयात बाबू आहे. दिल्लीची सगळी हकीकत ऐकून त्याने उतारा दिला आणि त्याच्या मागोमाग, न मागता, अतिक्रमणांची नोंदवहीही उघडून दाखवली. चिचटोला मामा तलाव, पोटजागा, दोन एकर, पीक धान, आणि पुढे तुमचं नाव. शिवाय ती जागा आपल्या नावे नियमित व्हावी म्हणून तुमचा अंगठा नव्हे, चांगली वळणदार सही असलेला अर्ज. ओमेश म्हणाला, "सर, मामा तुमचेच ना जी? मंग ते दिल्लीवाले खोटं काय बोलून राहिले?"

मामा, अख्ख्या दिल्लीत माझा अर्ज कोणालाच कळला नाही, आणि तरीही तो त्यांना बरोबर कळला!

खरं म्हणजे मला नवं काय कळलं? मागच्या दिवाळीत तुम्ही मला तीच नवी बांधी दाखवायला नेलं होतं. मी विचारलं, मामा, ही तर तलावाची जागा? तुम्ही म्हणालात, "पानी तं येऊनच नाही राहिलं, नुसता गाळ हाये. गाळ कायले सोडाचा?" मी, तलावांचा डॉक्टर, मान डोलावली, मामींच्या हातचं जेवलो, आणि येताना तिथल्या तांदळाचं अर्धं पोतं बसच्या टपावर चढवलं. माझी पोरं तोच तांदूळ खातात. आणि सोमवारी वर्गात मी खुशीच्या डोळ्यांत डोळे घालून शिकवलं की तलावाच्या पोटात नांगर घालणं म्हणजे साऱ्या गावाच्या ताटात हात घालणं. तिने ते वहीत लिहून घेतलं. तुमचा राग येतो, मामा, पण तो तुमच्यावर काढू कसा? चिडायचं तर आरशापुढे उभं राहून चिडावं लागतं.

आता तुम्हीच ठरवा. प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं आहे, मुन्नालालकडून नीट टाइप करून घेतलं आहे. मामींना नमस्कार, खुशीला अभ्यासाचं विचारा, आणि गुडघ्याला गरम तेल लावत चला.

तुमचा (आणि कागदोपत्री कोणाचाच नसलेला) भाचा,
गजेंद्र

ता. क. : प्रतिज्ञापत्रात तुमच्या तोंडी असं लिहिलं आहे की तलाव, त्याचं पाणी, पाळ आणि पोटजागा यांवर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही व पुढेही सांगणार नाही. याचा अर्थ तुमचा तो अर्ज त्याच दिवशी मेला. तुम्ही न वाचता सही करता हे मला माहीत आहे; मी गुपचूप सही घेऊ शकलो असतो. घेतली नाही. माझ्याबद्दल कुठे चांगलं बोलायची वेळ आली तर एवढं सांगा. सही करायची असेल तर तिरोड्याला नोटरीपुढे, बुधवारच्या आत.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहितो आहे. कॉलेजात जाऊन आलो. या सत्राच्या तासांची यादी लागली. इतिहासाचे तास कमी झालेत, आणि यादीत माझं नाव नाही. प्राचार्यांनी पुन्हा चहा पाजला आणि म्हणाले, आता न्यासाला हवं तसं प्रमाणपत्र मी अगदी निर्धास्तपणे देऊ शकतो.

शेवटचं : मामा, प्रतिज्ञापत्र फाडून टाका. नोटरीकडे जाऊ नका. ओमेशच्या नोंदवहीतल्या नकाशात सांडव्याच्या बाजूचा एक तुकडा अजून मोकळा दिसला. मोजणीवाले यायच्या आधी त्यातला अर्धा एकर माझ्या नावाने नांगरून घ्या, जमलं तर याच आठवड्यात, चिखल ओला आहे तोवर. आणि नोंदवहीत नाव घालताना ओमेशला म्हणावं, आधी 'डॉ.' लिही. चौदा वर्षांत कुठल्याच हजेरीपटावर ते आलेलं नाही.