शेवटच्या शिट्टीनंतर उरलेला माणूस कोणाचा

मी, खाली सही करणारा, वय छत्तीस (डाव्या गुडघ्याचे वय याहून बरेच जास्त), धंदा फुटबॉल, जागा मैदानाच्या मधोमध, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. चेंडू डोक्याने मारणे मी शक्यतो टाळत आलो, त्याचा हा फायदा. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, दडपणाने किंवा नशेत लिहीत नाही. उद्या दुपारी माझा शेवटचा सामना आहे. पंचाने शेवटची शिट्टी वाजवली की माझ्यातला खेळाडू वारेल. माणूस मागे उरेल, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा खेळाडूच्या मालमत्तेची विल्हेवाट त्याच्या हयातीतच लागलेली बरी.

माझा मेहुणा वकील आहे. त्याला ही कल्पना फोनवर सांगितली तर म्हणाला, "दाजी, जिवंत माणसाचं मृत्युपत्र लागू होत नाही."

"अरे, मृत्युपत्र जिवंत माणूसच लिहितो ना?"

"लिहितो. पण मग मरावं लागतं. ती अटच आहे."

हा सल्ला फुकट मिळालेला असल्याने मी तो मानलेला नाही.

कलम पहिले, करंडकाबद्दल. लग्नानंतर लगेच परदेशी आलो, सहा गावांतल्या सहा संघांकडून खेळलो, आणि एवढ्या काळात मला एकच करंडक मिळाला, तोही 'सर्वांत सभ्य खेळाडू' म्हणून. तो आईकडे आहे. स्वयंपाकघराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने तो दाराला लावला आहे. "चांगला जड आहे रे," ती म्हणाली होती, "दुसरा मिळाला तर मागच्या दारालाही होईल." दुसरा मिळाला नाही. मागचे दार अजून आपटते. करंडक आईचाच, आहे त्या जागी.

कलम दुसरे, भाषेबद्दल. या देशाची भाषा मी मैदानावर शिकलो. पहिले वर्षभर मला 'वळ', 'मागे बघ', 'सोड' आणि 'तुला वेळ आहे' एवढेच येत होते. एवढ्या भांडवलावर मी घर भाड्याने घेतले आणि बँकेत खाते उघडले. केस कापायला गेलो तेव्हा न्हाव्याने बहुधा 'किती कापू?' असे विचारले असावे. मी म्हणालो, "तुला वेळ आहे." त्याने वेळ घेतला. डोक्यावर काही शिल्लक ठेवले नाही. ही सर्व शब्दसंपत्ती मी संघात यापुढे येणाऱ्या कोणाही परक्या खेळाडूस देत आहे. घरमालकाशी बोलताना 'सोड' वापरू नये.

कलम तिसरे, आमच्या गोलरक्षकाबद्दल. कपडे बदलायच्या खोलीत त्याची जागा हीटरशेजारी आहे आणि माझी दाराशेजारी. दार नीट लागत नाही. ज्या माणसाला कामावर हातमोजे घालायला मिळतात त्याला हीटर कशाला, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. शिवाय मागच्या हंगामात मी त्याला अगदी सरळ, हळू, घरपोच म्हणावा असा चेंडू मागे दिला. तो त्याच्या पायाखालून जाळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने दोष माझ्या गळ्यात घातला. सबब, दाराशेजारचा बाक, त्यातून वर आलेला खिळा आणि तिथे येणारा वारा मी गोलरक्षकास वंशपरंपरेने देत आहे. त्या गोलचे संपूर्ण श्रेयही त्याचेच.

कलम चौथे. डावा गुडघा संघाच्या डॉक्टरांना. त्यातला निम्मा माल त्यांनीच घातलेला आहे. मात्र तो पायापासून सुटा करता येत नसल्याने ताबा माझ्याकडे राहील.

कलम पाचवे, आडव्या पासबद्दल. प्रेक्षक मला 'आडवा' म्हणतात. समोर गोल उघडा दिसत असला तरी मी चेंडू आडवा देतो, शेजारच्याला. माझ्या मते मधल्या फळीतल्या माणसाचे कामच ते: जबाबदारी झाडूनपुसून दुसऱ्याच्या पायात ठेवायची. गोलवर मारलेला माझा एकच फटका लोकांच्या लक्षात आहे, कारण तो भिंतीपलीकडच्या पावाच्या दुकानाच्या काचेत गेला. बायकोचे म्हणणे असे की मी घरीही आडवाच पास देतो.

इथे खोक्याचा उल्लेख करणे भाग आहे. लग्नाआधी बायकोचे कपडे शिवण्याचे दुकान होते, आणि तिच्याकडून शिवून मिळावे म्हणून गिऱ्हाइके महिना-महिना थांबायची. मला पहिले कंत्राट मिळाले तेव्हा तिने शिलाई मशीन लाकडी खोक्यात घातले आणि मी वरून खिळे ठोकले. 'तिथे स्थिरावलो की उघडू,' असे ठरले. पण आमच्या धंद्यात कंत्राट वर्षाचे असते, आणि पुढे ठेवणार की नाही ते संघ हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात सांगतो. म्हणजे वर्षभर 'एवढं कळू दे, मग उघडू', आणि कळते तेव्हा सामान बांधायची वेळ. खोके आमच्याबरोबर सगळी गावे फिरले. त्यावर आम्ही जेवलो, पाहुणे बसवले, टीव्ही ठेवला. मशीनवर मात्र एक टाका पडलेला नाही.

गेल्या महिन्यात एजंटचा फोन आला. याहून थंड देशात सहायक प्रशिक्षकाची जागा आहे, कंत्राट अर्थातच एका वर्षाचे. मी बायकोला विचारले, "काय करूया? तू म्हणशील तसं."

ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "हे बघ, मी तुझ्या संघात नाही. मला आडवा पास देऊ नकोस. तुला जायचं तर जा. मी आणि खोकं कुठे जायचं, ते आमचं आम्ही बघू."

त्यानंतर ती या विषयावर बोललेली नाही. बाकी सगळ्या विषयांवर गोड बोलते, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. हे कागद मी थट्टेने लिहायला घेतले, पण या ठिकाणी थट्टा सुचत नाही. मला धड चादरीची घडी घालता येत नाही, हे खरे. पण कारण ते नव्हे. तिच्याशिवाय मला राहायचे नाही.

कलम सहावे. सदर नोकरी मी कोणालाच देत नाही. ती मी आज सकाळी नाकारली. एजंट म्हणाला, "अहो, घरी विचारून तर सांगा." मी म्हणालो, "नाही विचारणार." फोन ठेवला. तसाच घरमालकाकडे गेलो आणि आमच्या तळमजल्याच्या घराच्या नव्या, लांब मुदतीच्या करारावर सही केली. तिच्या सहीची जागा मोकळी आहे. या घरात आलो त्या दिवशी ती रस्त्याकडच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून म्हणाली होती, "इथे उजेड चांगला आहे." मी ऐकले, आणि चेंडूंची पिशवी तिथे ठेवली. ती पिशवी आज बाहेर काढली आहे. तेव्हा फटका मारून झालेला आहे. जाळ्यात गेला की पावाच्या दुकानाच्या काचेत, हे तिने सांगावे.

कलम सातवे आणि शेवटचे. वरील वाटपानंतर जो काही माणूस उरेल तो, जसा आहे तसा, गुडघ्याच्या ताब्यासह आणि आजवर कधीच घरी न मिळालेल्या शनिवार-रविवारांसह, मी माझ्या पत्नीस देत आहे. त्यावर इतर कोणाचाही हक्क नाही. कोणी मागेल असेही वाटत नाही.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असे मेहुणा सांगतो. म्हणून संघाचे कपडे सांभाळणाऱ्या काकांना मी काहीही ठेवलेले नाही. "बरं झालं," काका म्हणाले. "तुझे मोजे इतकी वर्षं धुतले, आता वारसाहक्काने नकोत." गोलरक्षकाला जे मिळते आहे ते पाहता त्याला लाभार्थी म्हणवत नाही, म्हणून दुसरा साक्षीदार तो. दोघांनाही मराठी वाचता येत नाही. मजकूर तोंडी समजावून सांगितला, कलम तिसरे वगळून.

गोलरक्षकाने विचारले, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस?"

"माझी जागा तुला."

त्याचे डोळे भरून आले. मला मिठी मारून म्हणाला, "मग सही होईपर्यंत तू माझ्या जागेवर बस." कलम बदलावे असे क्षणभर वाटले, पण शाई वाळली होती.

साक्षीदार:
१. (सही) कपडेवाले काका
२. (सही) गोलरक्षक, हातमोज्यासह

(सही) आडवा

स्थळ: कपडे बदलायची खोली, हीटरशेजारचा बाक. खरोखरच ऊब आहे.
दिनांक: शेवटच्या सामन्याच्या आदला दिवस, सरावानंतर. मूळ प्रत घरी खोक्यावर ठेवली जाईल.

लाभार्थीचा शेरा, पेन्सिलीने, त्याच संध्याकाळी:

वाचलं. माल वापरलेला आहे, पण ओळखीचा आहे. घेते. चादरीची घडी शिकवीन. उद्या सामन्याला जाण्याआधी पक्कड शोधून ठेव आणि शिट्टी झाली की सरळ घरी ये. खिळे तू ठोकलेले आहेत. मला एकटीला ते निघायचे नाहीत.