वीस मिनिटं पुढे

दि. ५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझं घड्याळ काल बुडालं. बोटीवरच्या खलाशाने ते स्वतः पाहिलं आणि सगळ्या उतारूंना सांगितलंही, की आधी घड्याळ गेलं आणि ते धरायला हा वाकला तेव्हा चष्मा गेला. चष्मा दोरीला होता, म्हणून वाचला.

हसून झालं असेल तर पुढे वाच. बेटांवरच्या दुकानांतले वजनकाटे तपासायचं माझं काम तुला ठाऊक आहे. बोट आठवड्यातून एकच, मंगळवारी सकाळी सातला. माझी ती दोनदा चुकली आहे. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की तिसऱ्यांदा चुकली तर फिरती बंद, कचेरीत बसून शिक्के मारायचे, तेही खिडकीकडे पाठ करून. ते ओरडले असते तर इतकी भीती वाटली नसती.

इथे घड्याळाचं दुकान नाही. तूच एक निवडून पाठव. काटे हवेत, कारण हात ग्रीसने भरलेले असताना नुसती नजर टाकून वेळ कळते. आकडेही हवेत, सेकंदांसाठी आणि तारखेसाठी. पाण्यात टिकावं, वर वजन पडलं तरी चालू राहावं. भावोजींना निवडू देऊ नकोस. त्यांनी आणलेली छत्री अजून उघडलेली नाही.

लोभ असू दे, हातातलं घड्याळ नसलं तरी.
तुझा धाकटा


दि. १० मार्च

चि. लेटलतीफास अ. उ. आ.

घड्याळ घेतलं. तुझे भावोजी बरोबर आलेच. छत्रीचं त्यांनी वाचलं होतं.

त्यांना पहिलं आवडलं ते बशीएवढं होतं. ते घातल्यावर त्यांचा एक खांदा असा उतरला, की दुकानदाराने खुर्ची पुढे केली. दुसऱ्यात होकायंत्र होतं. ते दोन दिवस घरी वापरून पाहिलं, तर उत्तर दिशा दर वेळी आमच्या फ्रिजकडे. भावोजींचं म्हणणं, उत्तर तिकडेच असणार, आजवर आपण चुकीच्या बाजूला डोकं करून झोपत होतो. पलंग फिरवून झाल्यावर मी ते परत केलं.

तिसरं ठेवलं. काळं, रबरी पट्ट्याचं, काटे जाडजूड, खाली आकड्यांची छोटी खिडकी आणि बटणं अंगठ्याने दाबता येतील एवढी. दिवसभर बादलीत ठेवलं. भावोजींनी त्याने भिंतीत खिळा ठोकला. मग चादरींबरोबर वॉशिंग मशीनमध्ये फिरवलं. घड्याळ ठणठणीत आहे. मशीन बघायला मेकॅनिक उद्या येतोय.

वेळ दुकानदाराने लावून दिली आहे. आता तरी वेळेवर पोहोचत जा, माया वाढवून मिळेल.
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोट चुकली. धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने तसं लेखी दिलं आहे.

मी मजेत चालत गेलो. पोहोचलो तेव्हा घड्याळात सव्वासात होते, म्हणजे आपल्या घरच्या हिशेबाने खरे सातला पाच कमी. बोट मात्र पार बोटाएवढी दिसत होती. बाबांनी घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे ठेवली आणि आपण सगळे ती वीस मिनिटं वजा करतच मोठे झालो. तुझ्या हातून आलेलं घड्याळ पुढे असणार, यात विचारायचं काय होतं? तू जन्मात पहिल्यांदा खरी वेळ पाठवलीस आणि चिठ्ठीत एक अक्षर लिहिलं नाहीस.

साहेबांना सगळं सांगितलं. आपल्या घरची रीत त्यांनी दोनदा समजावून घेतली. पुढच्या मंगळवारी ते स्वतः बोटीने येणार आहेत. सातला मी बोटीत दिसलो नाही, तर बुधवारपासून शिक्के.

रागावलो नाही. थोडा रागावलो आहे.
तुझा धाकटा


दि. २२ मार्च

चि. लेटलतीफास अ. उ. आ.

चूक माझी. बटणावर अंगठा ठेवला होता रे. पण दुकानदाराने रेडिओ लावून सेकंदसुद्धा जुळवले होते. त्याच्यासमोर ते बिघडवायचं जिवावर आलं, आणि घरी आल्यावर खिळ्याच्या नादात विसरले. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की आपल्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं.

आता ऐक. काटे वीस मिनिटं पुढे कर, आकड्यांना हात लावू नकोस. काटे आपल्या घरचे, आकडे जगाचे. घाई हवी तेव्हा वर बघ, बोट पकडायची तेव्हा खाली. युक्ती भावोजींची आहे, म्हणून मी दोनदा तपासली.

तू खिडकीकडे पाठ करून बसलेला मला बघवणार नाही. लहानपणी तर तू जेवायलाही खिडकीत बसायचास. जपून जा.
ताई


दि. २५ मार्च, बोटीतून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी बोटीत बसलो आहे. खलाशी साक्षीला आहे, त्याने माझं घड्याळ दोरीने मनगटाला बांधूनही दिलं. काटे म्हणतात सात वाजून सोळा मिनिटं, आकडे म्हणतात सहा छप्पन्न. भावोजींना सांग, छत्री आज पुन्हा उघडायचा प्रयत्न करीन.

साहेब अजून आले नाहीत. काल संध्याकाळी त्यांचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून त्यांनी वेळ विचारली. मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, त्यातून वीस मिनिटं वजा केली आणि आपलं घड्याळ लावलं. मी सांगणार होतो, पण साहेबांनी बोट वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, की आता तुमच्या घरची रीत मला पाठ झाली आहे.

खलाशी दोर सोडतो आहे. त्याला थांब म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, बोट साहेबांचं घड्याळ बघत नाही. साहेब वीस मिनिटांनी धक्क्यावर येतील, अगदी वेळेवर.

बाबांना नमस्कार.
तुझा धाकटा