शमुवेलच्या शेजारी

प्रिय शांतवन,

हे पत्र मी पाठवणार नाही. भर समुद्रात, जहाजावर तुम्ही एकटे काय करणार?

आपल्या लेकाचा, शमुवेलचा, जीव घेणारा टेम्पोवाला भावेश तुरुंगातून सुटलाय. आज तो चर्चमध्ये आला. शमुवेल बसायचा ती माझ्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी होती.

“ताई, इथे बसू?”

उठून जावंसं वाटलं, पण तोंडातून “बसा” निघालं. प्रार्थनेत क्षमेच्या ओळीवर माझा आवाज बंद झाला. त्याचाही झाला.

बाप्तिस्मा लहानपणीच झाला, पण ख्रिस्ती होणं अजून चालूच आहे माझं.

नंतर पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, “पुढच्या रविवारी त्याला दुसरीकडे बसवू?”

मी “नको” म्हणाले. तेव्हापासून घरभर फिरतेय, कुठेच टेकवत नाही.

तुमची,
एस्तेर